सरहद्दीपलीकडचा आरोपी आणि फौजदारी प्रक्रिया

(अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

फौजदारी प्रक्रियेचा कायदा हा मुळात एका विशिष्ट भूभागाचा कायदा असतो. पोलीस ठाण्याला हद्द असते, दंडाधिकाऱ्याला अधिकारक्षेत्र असते, आणि वॉरंटावर ज्या न्यायालयाचा शिक्का उमटलेला असतो त्याची सत्ता देशाच्या सीमेपाशी संपते. गुन्ह्याला मात्र अशी हद्द राहिलेली नाही. कट एका देशात शिजतो, पैसा दुसऱ्या देशातून येतो, गुन्हा तिसऱ्या देशात घडतो आणि आरोपी चौथ्या देशात आश्रय घेतो. गावातील एखाद्या निवृत्त गृहस्थाची बँकेतील ठेव दूरध्वनीवरील एका भूलथापेने काही मिनिटांत अनेक खात्यांतून फिरते आणि देशाबाहेर जाते. तक्रार मात्र तालुक्याच्या ठाण्यातच नोंदली जाते. ठाण्यातील अंमलदाराच्या हाती असलेला कायदा आणि समोर उभा असलेला गुन्हा यांच्यात पडलेले हे अंतर हाच या व्याख्यानाचा विषय आहे.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा १९७३ च्या संहितेने घेतली आणि ती १ एप्रिल १९७४ पासून अमलात आली. या दोन्ही संहितांच्या मूळ मसुद्यांत परदेशाशी सहकार्याचा विचार जवळजवळ नव्हता म्हटले तरी चालेल. परदेशातील न्यायालयाला तपासासाठी विनंतिपत्र पाठविण्याची स्पष्ट तरतूद, म्हणजे कलम १६६-अ, १९९० मध्ये आली. गुन्ह्यातून मिळविलेली परदेशातील मालमत्ता शोधणे व जप्त करणे यांसाठीचे स्वतंत्र प्रकरण १९९३ मध्ये जोडले गेले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे सारे आठव्या प्रकरणात, कलम १११ पासून १२४ पर्यंत, एकत्र आणलेले आहे. म्हणजे कलमांची उणीव आता फारशी राहिलेली नाही. खरी अडचण आहे ती हे कलम प्रत्यक्षात चालविणाऱ्या यंत्रणेची, आणि ती यंत्रणा दिल्लीतच नव्हे तर पंचनामा लिहिणाऱ्या हवालदारापासून सुरू होते.

मार्सेलिसचा धडा

या विषयाचा विचार करताना महाराष्ट्राला एका घटनेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १३ मार्च १९१० रोजी लंडनमध्ये स्वातंत्र्यवीर सावरकर यांना अटक झाली. खटल्यासाठी त्यांना ‘मोरिया’ या बोटीने मुंबईस आणले जात असता ८ जुलै १९१० रोजी मार्सेलिस बंदरात त्यांनी बोटीतून उडी घेऊन फ्रान्सचा किनारा गाठला. किनाऱ्यावरील फ्रेंच पोलिसाने त्यांना धरले आणि कोणत्याही न्यायालयासमोर उभे न करता, प्रत्यर्पणाचा कोणताही विधी न होता, पुन्हा बोटीवरील ब्रिटिशांच्या स्वाधीन केले. फ्रान्सच्या भूमीवर आलेल्या माणसाला अशा रीतीने परत देणे हा फ्रान्सच्या सार्वभौमत्वाचा भंग आहे, असा आक्षेप निघाला आणि वाद हेग येथील स्थायी लवाद न्यायालयाकडे गेला.

२४ फेब्रुवारी १९११ रोजी लवादाने निवाडा दिला. अटक आणि हस्तांतरण यांत अनियमितता झाली असे त्याने मानले. परंतु बळजबरी वा फसवणूक झालेली नसल्याने, आणि अशा परिस्थितीत बंदिवानास परत करण्याचे बंधन घालणारा आंतरराष्ट्रीय कायद्याचा नियम नसल्याने, ब्रिटनवर तशी जबाबदारी येत नाही असा निर्णय दिला. निवाडा येईपर्यंत मुंबईत शिक्षाही सुनावली गेली होती. प्रक्रिया चुकली हे मान्य, पण चुकीचा परिणाम काहीच नाही, असा हा निवाडा होता. त्यावर तेव्हाही कायदेपंडितांनी टीका केली आणि ती टीका योग्यच होती. दोन राज्यांच्या अधिकाऱ्यांनी आपसांत उरकलेला व्यवहार हे सहकार्य नव्हे. सहकार्याला न्यायालयाची देखरेख लागते, आणि ज्या माणसाला पाठवायचे त्याला बोलण्याची संधी लागते. १९६२ च्या भारतीय प्रत्यर्पण कायद्यात परदेशाने मागितलेल्या व्यक्तीची दंडाधिकाऱ्यापुढे चौकशी होते, ती याच कारणाने.

दिलेला शब्द

प्रत्यर्पणाची काही तत्त्वे जगभर सारखी आहेत. मागणी ज्या कृत्यासाठी आहे ते दोन्ही देशांत गुन्हा असले पाहिजे. राजकीय स्वरूपाच्या गुन्ह्यासाठी माणूस दिला जात नाही. आणि ज्या गुन्ह्यासाठी माणूस दिला, त्याच गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालावा. दुसराच खटला काढावयाचा असेल तर देणाऱ्या देशाची संमती घ्यावी. भारताच्या प्रत्यर्पण कायद्याच्या कलम २१ मध्ये हे शेवटचे तत्त्व आहे. पुस्तकात ते साधे दिसते. प्रत्यक्षात त्याचा कस किती लागतो हे अबू सालेम प्रकरणात दिसून आले, म्हणून ते थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे.

मुंबईतील १२ मार्च १९९३ च्या बाँबस्फोट मालिकेतील आरोपी अबू सालेम याला सप्टेंबर २००२ मध्ये पोर्तुगालमध्ये लिस्बन येथे अटक झाली. पोर्तुगालशी तेव्हा भारताचा प्रत्यर्पण करार नव्हता. बाँबस्फोटांच्या दहशतवादाविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार आणि परस्परांनी परतफेडीची दिलेली हमी यांच्या आधारे मागणी केली गेली. पोर्तुगालच्या कायद्यात फाशी नाही आणि पंचवीस वर्षांहून अधिक कारावासही नाही. त्यामुळे भारताचे तत्कालीन उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी डिसेंबर २००२ मध्ये लेखी हमी दिली की, सालेमला फाशी दिली जाणार नाही आणि पंचवीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात ठेवले जाणार नाही. या हमीवर त्याला नोव्हेंबर २००५ मध्ये भारताच्या स्वाधीन करण्यात आले.

पुढे मुंबईतील विशेष न्यायालयात त्याच्यावर काही वाढीव आरोप ठेवले गेले. ज्या गुन्ह्यांसाठी प्रत्यर्पण झाले त्याच वस्तुस्थितीतून निघणारे हे कमी गंभीर गुन्हे आहेत, म्हणून ते चालतात, असे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले. पोर्तुगालच्या न्यायालयाने मात्र २०११ मध्ये हमीचा भंग झाला असे ठरविले, आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ते कायम केले. एकाच प्रश्नावर दोन सार्वभौम देशांच्या न्यायालयांनी परस्परविरोधी उत्तरे दिली. अखेर २०१३ मध्ये काही वाढीव आरोप मागे घेण्यात आले. २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने बाँबस्फोट खटल्यात जन्मठेपेची शिक्षा दिली, आणि मग प्रश्न उरला तो हमीचा. जन्मठेप म्हणजे आयुष्यभर. हमी तर पंचवीस वर्षांची.

११ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याचे उत्तर दिले. शासनाने परदेशास दिलेल्या हमीने न्यायालयाचे हात बांधले जात नाहीत; न्यायालय कायद्यानुसार शिक्षा देईल. परंतु शासन स्वतःच्या शब्दाने बांधलेले आहे. म्हणून १२ ऑक्टोबर २००५ पासून पंचवीस वर्षे पूर्ण झाल्यावर केंद्र शासनाने राज्यघटनेच्या अनुच्छेद ७२ खालील अधिकाराबाबत राष्ट्रपतींना सल्ला द्यावा, असा तो निर्णय आहे. बाँबस्फोटांत दोनशे सत्तावन्न माणसे मृत्युमुखी पडली. त्यांच्या आप्तांना ही मर्यादा बोचणे स्वाभाविक आहे आणि त्यांची समजूत कायद्याच्या तांत्रिक भाषेने पटण्यासारखी नाही. परंतु ही हमी दिली नसती तर आरोपी आलाच नसता, आणि ती मोडली तर पुढच्या आरोपीच्या वेळी कोणताही देश भारताच्या लेखी शब्दावर विसंबणार नाही. हा सौदा अपुऱ्या न्यायाचा आहे खरा. पण त्याशिवाय दुसरा पर्याय न्यायाच्या संपूर्ण अभावाचाच होता.

फाशीच्या बाबतीत संसदेने हा प्रश्न १९९३ मध्येच ओळखला होता. प्रत्यर्पण कायद्यातील कलम ३४-क नुसार, ज्या देशात त्या गुन्ह्याला फाशी नाही त्या देशाने आरोपी दिल्यास भारतातही त्याला फाशीऐवजी जन्मठेपच होऊ शकते. कारावासाच्या कमाल मुदतीबद्दल मात्र अशी सर्वसाधारण तरतूद नाही. प्रत्येक वेळी स्वतंत्र हमी द्यावी लागते.

तहव्वूर राणा याचे प्रकरण वेगळ्या तत्त्वावर अडले होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. राणा याला २००९ मध्ये शिकागो येथे अटक झाली. अमेरिकेतील ज्यूरीने २०११ मध्ये त्याला मुंबई हल्ल्याच्या कटाच्या आरोपातून दोषमुक्त केले. डेन्मार्कमधील कटास आणि लष्कर-ए-तय्यबास साहाय्य केल्याबद्दल मात्र दोषी ठरविले. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला नाही, हे तत्त्व त्याने पुढे केले. अमेरिकी अपील न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितले की, करारातील शब्द ‘गुन्हा’ असा आहे, ‘कृत्य’ असा नाही. भारतातील गुन्ह्यांचे घटक वेगळे आहेत, तेव्हा बाध येत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये हस्तक्षेपास नकार दिला आणि १० एप्रिल २०२५ रोजी त्याला भारतात आणण्यात आले. १९९७ मध्ये करार लिहिताना निवडलेल्या एका शब्दाने अठ्ठावीस वर्षांनंतर निर्णय फिरविला. कराराचे मसुदे बारकाईने लिहिण्यात वेळ दवडला जातो असे ज्यांना वाटते, त्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

कागद परदेशात वाचले जातात

भारताची प्रत्यर्पणाची मागणी फेटाळली गेली की वर्तमानपत्रांतून त्या देशाच्या हेतूंविषयी शंका घेतली जाते. काही वेळा तिला आधार असतोही. पण निकालपत्रे वाचली तर कारण अधिक वेळा घरचेच असते असे आढळते.

संगीत उद्योजक गुलशनकुमार यांची १९९७ मध्ये मुंबईत हत्या झाली. कटातील एका आरोपीची मागणी ब्रिटनकडे केली गेली. ती डिसेंबर २००० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने नाकारली, आणि त्यामागे प्रमुख साक्षीदाराच्या जबाबाच्या विश्वसनीयतेविषयीची गंभीर शंका होती. जबाब कोणत्या परिस्थितीत घेतला, केव्हा घेतला, नंतर तो बदलला काय, या साऱ्याची छाननी तेथे झाली. आपल्याकडील खटल्यात जबाबातील विसंगतीवर बऱ्याच अवकाशाने उलटतपासणी होते. परदेशात ती विसंगती पहिल्याच दिवशी कागदावरून वाचली जाते.

पुरुलिया येथे १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री विमानातून शस्त्रे टाकण्यात आली. या प्रकरणातील डॅनिश आरोपी नील्स होल्क ऊर्फ किम डेव्ही याची मागणी डेन्मार्कच्या शासनाने मान्य केली होती. परंतु तेथील उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ती नाकारली. भारतात त्याचा छळ होण्याचा धोका आहे, हे कारण दिले गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील न्यायालयाने पुन्हा तेच उत्तर दिले. छळाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने १९९७ मध्ये स्वाक्षरी केली, पण त्याला अनुसमर्थन दिलेले नाही. हा मुद्दा परदेशातील बचावाचे वकील प्रत्येक प्रकरणात न चुकता मांडतात. पोलीस कोठडीतील एखादा मृत्यू त्या ठाण्यापुरता राहत नाही. तो कोपनहेगन किंवा लंडन येथील न्यायालयात भारताच्या विरुद्ध पुरावा म्हणून दाखल होतो.

तुरुंगांचेही तसेच. विजय मल्ल्या यांच्या प्रत्यर्पणाच्या सुनावणीत मुंबईच्या आर्थर रोड कारागृहातील बराक क्रमांक १२ हा वादाचा मोठा विषय झाला होता. लंडनच्या न्यायालयाने त्या बराकीचे दिवसाच्या उजेडातील चित्रीकरण मागविले. खिडकी कोठे आहे, प्रकाश किती येतो, स्वच्छतागृहाची सोय काय, हे तेथील न्यायाधीशांनी पडद्यावर पाहिले, समाधान झाल्यावर डिसेंबर २०१८ मध्ये प्रत्यर्पणास अनुकूल निर्णय दिला. (२०२० मध्ये अपील फेटाळले गेल्यावरही अन्य कायदेशीर कार्यवाहीमुळे प्रत्यक्ष हस्तांतरण वर्षानुवर्षे रेंगाळले, हा भाग निराळा.) येथे एक अवघड प्रश्न उरतो. परदेशातून येणाऱ्या धनवंत आरोपीसाठी एक बराक नीट करून दाखविता येते, तर त्याच कारागृहात क्षमतेहून कितीतरी अधिक संख्येने कोंबलेल्या कच्च्या कैद्यांसाठी का नाही? परदेशी न्यायालयाला हा प्रश्न विचारण्याचे कारण नाही. राज्यातील कारागृह प्रशासनाला आणि विधिमंडळाला ते आहे.

साक्ष आणि कागदपत्रे

आरोपी आणणे हा सहकार्याचा एक भाग झाला. पुरावा आणणे हा दुसरा, आणि तो अधिक किचकट आहे. न्यायालय विनंतिपत्र काढते, ते केंद्रीय गृह मंत्रालयामार्फत जाते, त्या देशाच्या भाषेत भाषांतर होते, तेथील न्यायालय स्वतःच्या कायद्यानुसार साक्ष वा कागद मिळविते आणि ते पुन्हा त्याच मार्गाने परत येतात. बोफोर्स प्रकरणी १९९० मध्ये स्वित्झर्लंडला विनंतिपत्र गेले. कागदपत्रांचा पहिला संच १९९७ मध्ये भारताच्या हाती पडला. स्वीडनमधून मिळालेल्या कागदांच्या मूळ वा अधिप्रमाणित प्रती नाहीत, या कारणाचा आधार २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आरोप रद्द करताना घेतला. कागद मिळणे आणि तो पुराव्यात ग्राह्य होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रकरणाने फार महाग पडून शिकविले.

साक्षीच्या बाबतीत मुंबईने मात्र देशाला वाट दाखविली आहे. एका कर्करुग्ण महिलेच्या शस्त्रक्रियेतील कथित हलगर्जीपणाच्या खटल्यात अमेरिकेतील एका डॉक्टरची साक्ष महत्त्वाची होती आणि ते भारतात येण्यास तयार नव्हते. साक्ष आरोपीच्या ‘समक्ष’ घेतली पाहिजे, असे संहिता सांगत होती. महाराष्ट्र राज्याच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००३ मध्ये निर्णय दिला की, समक्षता म्हणजे शारीरिक उपस्थितीच असे नव्हे. दूरदृश्य माध्यमातून साक्षीदार दिसतो, ऐकू येतो, त्याची उलटतपासणी होऊ शकते, तेव्हा कायद्याचा हेतू साधतो. याच वाटेने फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयात डेव्हिड हेडली याची साक्ष अमेरिकेतील कोठडीतून नोंदविता आली. हेडलीने अमेरिकेत गुन्हा कबूल करताना आपल्याला भारताच्या स्वाधीन केले जाऊ नये अशी अट मान्य करून घेतलेली होती. तो येणार नव्हताच. त्याची साक्ष मात्र आली.

याच्या उलट उदाहरण शेजारचे आहे. मुंबई हल्ल्यासंबंधी पाकिस्तानात चालू असलेल्या खटल्यासाठी तेथील न्यायिक आयोग मार्च २०१२ मध्ये मुंबईस आला. कबुलीजबाब नोंदविणारे दंडाधिकारी, तपास अधिकारी आणि शवविच्छेदन करणारे डॉक्टर यांची साक्ष त्याने नोंदविली. परंतु आधी झालेल्या समझोत्यानुसार उलटतपासणी होऊ दिली गेली नाही. तेवढ्याच कारणावर रावळपिंडीच्या न्यायालयाने तो अहवाल निरुपयोगी ठरविला. २०१३ मध्ये आयोग पुन्हा आला, तेव्हा उलटतपासणी झाली. पाकिस्तानच्या इच्छाशक्तीविषयी जे म्हणायचे ते म्हणता येईल. पण पहिल्या खेपेला एक निमित्त आपल्याच हाताने पुरविले गेले, हेही तितकेच खरे.

विजेच्या वेगाचा पुरावा

आजच्या तपासातील सर्वांत निकडीची अडचण इलेक्ट्रॉनिक माहितीची आहे. गुन्हा नांदेडचा असो की रत्नागिरीचा, संदेश साठविलेले असतात ते परदेशी कंपनीच्या संगणकावर. अमेरिकेशी भारताचा परस्पर विधिसाहाय्याचा करार २००५ पासून अमलात आहे. पण संदेशाचा मजकूर मिळविण्यासाठी अमेरिकी कायद्यानुसार तेथील न्यायाधीशाचे समाधान होईल एवढे सबळ कारण दाखवावे लागते. ‘तपासकामी आवश्यक’ या तीन-चार शब्दांच्या साच्यातले पत्र तेथून परत येते. सायबर गुन्ह्यांविषयीच्या २००१ च्या बुडापेस्ट करारात भारत सामील झालेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २४ डिसेंबर २०२४ रोजी सायबर गुन्ह्यांविरुद्धचा स्वतंत्र करार संमत केला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तो हनोई येथे स्वाक्षरीसाठी खुला झाला. त्याचा प्रत्यक्ष उपयोग होण्यास अवधी आहे. तोवर वेळेचा प्रश्न तालुका पातळीवरच सोडवावा लागेल. फसवणूक होताच १९३० या क्रमांकावर कळविले तर रक्कम देशातील खात्यांत असतानाच अडविता येण्याची शक्यता असते. ती देशाबाहेर गेली की विनंतिपत्रांचा प्रवास सुरू होतो. ‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही गोष्ट भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही, एवढी एक माहिती शाळांतून आणि ग्रामसभांतून सांगितली गेली तरी अनेक कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी वाचेल.

नव्या संहितेच्या कलम १०५ ने झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण आवश्यक केले आहे. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे असे कलम १७६ सांगते. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत दोन भागांचे प्रमाणपत्र आणि त्या नोंदीची ‘हॅश’ संख्या, म्हणजे तिची एक प्रकारची अंगठ्याची खूण, द्यावी लागते. ही कलमे देशातील खटल्यांसाठी लिहिली गेली असली तरी परदेशी न्यायालयाचा विश्वास संपादन करण्यासही तीच उपयोगी पडणार आहेत. पंच म्हणून बोलावल्या जाणाऱ्या गावकऱ्यांनी कोऱ्या कागदावर सही न करणे, घडले तेवढेच लिहिले आहे ना हे वाचून पाहणे, याचे महत्त्व येथे कळते. तो पंचनामा उद्या कोणत्या भाषेत आणि कोणत्या देशात वाचला जाईल, हे सही करणाऱ्याला त्या दिवशी माहीत नसते.

अनुपस्थितीतील खटला

नव्या संहितेतील सर्वांत वादाची तरतूद म्हणजे कलम ३५६. जुन्या संहितेत आरोपी फरारी असल्यास फक्त साक्षी नोंदवून ठेवता येत. आता फरारी घोषित झालेल्या, खटला टाळण्यासाठी पळालेल्या आणि नजीकच्या काळात हाती लागण्याची शक्यता नसलेल्या आरोपीवर त्याच्या गैरहजेरीत खटला चालवून निकाल देता येतो. त्यापूर्वी आरोप ठेवल्यापासून नव्वद दिवस जावे लागतात. किमान तीस दिवसांच्या अंतराने दोन वॉरंटे, वर्तमानपत्रात सूचना, नातेवाइकास खबर, घरावर नोटीस, आणि वकील नसल्यास शासनखर्चाने वकील, या गोष्टीही पुऱ्या व्हाव्या लागतात.

वर्षानुवर्षे ताटकळणाऱ्या फिर्यादींच्या दृष्टीने हे पाऊल समजण्यासारखे आहे. पण दोषी ठरलेल्या आरोपीला अपील करायचे तर अपील न्यायालयापुढे हजर व्हावे लागते, आणि निकालापासून तीन वर्षांनंतर अपीलच नाही. इकडे ब्रिटनच्या २००३ च्या प्रत्यर्पण कायद्याचे कलम ८५ असे सांगते की, गैरहजेरीत शिक्षा झालेला माणूस स्वतःहून जाणीवपूर्वक गैरहजर राहिलेला नसेल, तर त्याला पुन्हा खटल्याचा हक्क आहे की नाही हे पाहावे. तो नसेल तर मुक्त करावे. युरोपातील मानवी हक्क न्यायालयाची भूमिका याच दिशेची आहे. म्हणजे मुंबईत मिळालेला दोषसिद्धीचा निकाल लंडनमध्ये आरोपी आणण्याच्या आड येण्याचा संभव आहे. यावर उपाय एकच दिसतो: आरोपीला खटल्याची निश्चित माहिती होती याचा निर्विवाद पुरावा प्रत्येक टप्प्यावर तयार ठेवणे. नोटीस डकविल्याचा शेरा ठाण्यात बसून लिहिला गेला असेल तर तेथेच सारे फसेल. आणि अशा आरोपीला, तो परत आल्यास, पुनर्सुनावणीचा स्पष्ट हक्क देण्याचा विचार संसदेला केव्हातरी करावा लागेल.

परदेशातून येणारे कागद

सहकार्य दुहेरी असते. परदेशात नोकरीस असलेल्या पतीविरुद्ध विवाहित स्त्रीची तक्रार हे खेड्यापाड्यांतही आता अपूर्व राहिलेले नाही. भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या गुन्ह्याची चौकशी येथे होऊ शकते. त्यासाठी केंद्र शासनाची पूर्वमंजुरी लागते. आज ही तरतूद कलम २०८ मध्ये आहे. ही मंजुरी तपासासाठी नव्हे तर पुढील खटल्यासाठी आवश्यक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या संहितेखाली २०११ मध्येच स्पष्ट केले. तेव्हा मंजुरी नाही म्हणून तक्रारच नोंदवून न घेणे चुकीचे आहे. इंटरपोलच्या ‘रेड नोटीस’विषयीही असाच गैरसमज असतो. ती नोटीस म्हणजे अटकेचे वॉरंट नव्हे; तिला किती वजन द्यायचे हे प्रत्येक देश आपल्या कायद्याने ठरवितो. भारतात हा दुवा केंद्रीय अन्वेषण विभाग सांभाळतो, आणि जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘भारतपोल’ या व्यवस्थेमुळे राज्यांच्या पोलिसांना त्याच्याशी थेट जोडून घेता येते.

दुसऱ्या बाजूने, परदेशी न्यायालयांची समन्से आणि विनंतिपत्रे गृह मंत्रालयामार्फत उतरत उतरत एखाद्या ठाण्यापर्यंत येतात. त्यावरचे गावाचे नाव इंग्रजी लिपीतून फिरून आलेले असते; पिंपळगाव नावाची गावे एका जिल्ह्यातही पुष्कळ सापडतात. वडिलांचे नाव आडनावाच्या जागी आणि आडनाव मधल्या नावाच्या जागी पडलेले असते. अशा कागदावर ‘सदर इसम मिळून येत नाही’ असा शेरा मारणे सर्वांत सोपे असते. पोलीस पाटील, ग्रामपंचायतीचे जन्मनोंदीचे रजिस्टर आणि शाळेचा जुना दाखला या तीन ठिकाणी विचारले तर बहुतेक वेळा माणूस सापडतो. आणि तो खरोखरच गाव सोडून गेलेला असेल, तर केव्हा गेला आणि कोणी सांगितले हे तारखेसह लिहून पाठविलेले उत्तर मागणाऱ्या न्यायालयाच्या उपयोगी पडते.